चाकापुढे उभी आई

मॉडेलला लावायच्या करड्या रंगाची बाटली उघडली की थिनरच्या वासासरशी पांडेसऱ्यातली आमची खोली आठवते. कॉलेजात असताना मला एका जुन्या मालवाहू विमानाचं छोटं मॉडेल करायचं होतं, म्हणून आईवडिलांना घेऊन ते खरं विमान ठेवलेल्या संग्रहालयात गेलो. मी कॉकपिट बघायच्या रांगेत अडकलो, तेव्हा वडिलांच्या हाती मोबाइल दिला आणि चाकांचे फोटो अगदी जवळून काढा म्हटलं. घरी येऊन पाहतो तर प्रत्येक चाकापुढे आई उभी! डोक्यावर पदर, हात सरळ, चेहरा रेशनकार्डावरच्यासारखा गंभीर. मी कपाळावर हात मारला. वडील मात्र खुशीत म्हणाले, "एक बी चाक सोडं नही!" आणि कणीक मळता मळता आई मला म्हणाली, "मानूसबिगर फोटू काय कामना, भाऊ?" शेवटी तिलाच माप धरलं. चाक तिच्या कमरेपर्यंत येत होतं; मॉडेलच्या मापात आई बोटाच्या पेराएवढी मानली आणि त्या हिशेबानं चाक कापलं. ते बरोबर बसलं. आई गेल्यावर आता पुन्हा तेच विमान करायला घेतलंय. मोबाइलवर त्या चाकाचे हवे तेवढे फोटो सापडतात, नटबोल्टसकट स्वच्छ. त्यांच्यापुढे कोणीच उभं नसतं.