पडदे आधीच शिवून झाले होते

अख्ख्या गल्लीची मापं तोंडपाठ असलेल्या या बाईला सगळे शिलाईमावशी म्हणत. वीस वर्षं भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत मशीन चालवून तिचे डोळे पार थकले होते. म्हणून विकत घ्यायला निघालेल्या घराची खिडकी बघताच ती हरखली. दिवसभर उजेड आणि खाली मशीनसाठी ऐसपैस जागा! गिऱ्हाइकाने कापड हातात दिल्याशिवाय सुईत दोरा न ओवणारी ही बाई, पण व्यवहाराआधीच खिडकीचं माप घेऊन पडदे शिवून मोकळी झाली. आज ते पिशवीत घालून आणले होते, नुसते लावून बघायला.

गवंडीकाकांना घर तपासायला बोलावलं होतं तेही तिनेच. कुठलाही कपडा आधी उलटा करून शिवण बघायची तिची जुनी खोड. नवऱ्याला हे मुळीच पटलं नव्हतं. "घराच्या मालकांना काय वाटेल? उद्या सही, आणि आज हे काय काढलंस?" असं तो सकाळपासून दहादा म्हणाला होता.

काका भिंती ठोकत हिंडू लागले तशी मावशी त्यांच्या मागोमाग फिरू लागली. कशाला बोलावलं यांना, असं तिला झालं. यांना काही म्हणजे काही सापडू नये, असं ती मनोमन घोकत होती.

"सगळे नळ बंद करा," म्हणत काका अंगणात पाण्याच्या मीटरपाशी उकिडवे बसले. मावशी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. घरात एक थेंब पडत नव्हता, तरी मीटरचं बारीक चक्र फिरत होतं.

"जुनं झालंय, फिरतं असंच," मागे उभे असलेले मालक हसत म्हणाले.

काकांनी मीटरमधून घरात जाणाऱ्या नळाचा कॉक बंद केला. चक्र थांबलं. उघडला, चक्र पुन्हा फिरू लागलं. "मीटर ठीक आहे, पाणी आत कुठेतरी मुरतंय," काका म्हणाले. मालकांचं हसू मावळलं.

मग काका आत गेले आणि फरशी ठोकत ठोकत थेट खिडकीखाली थांबले. तिथे आवाज पोकळ येत होता.

"पाइप फुटलाय. खालची माती वाहून गेलीय. इथे मशीन ठेवलंत तर एक दिवस मशीनसकट खाली जाल, बाई."

मावशीला राग आला तो काकांचाच.

"देतील की मालक दुरुस्त करून," नवरा पुटपुटला.

"फरशी उखडा, नवा पाइप टाकून दाखवा, मग सही," मावशी मालकांना म्हणाली.

"घ्यायचं तर आहे तसं घ्या. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे," मालक म्हणाले.

तिने खिडकीकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि पिशवी उचलली.

बरंच चालल्यावर नवऱ्याने विचारलं, "आणि पडद्यांचं काय?"

"दुमडीत चार बोटं कापड सोडलंय," ती म्हणाली. "दुसऱ्या खिडकीला होतील."

एवढं बोलली आणि भर रस्त्यात तिला रडू कोसळलं. नवऱ्याने पिशवी आपल्या हातात घेतली.