जपमाळेचा उत्तरार्ध

२०११ साली मी वसईहून निघालो, तेव्हा टॅक्सी दारात उभी असताना आईने सगळ्यांना गुडघे टेकायला लावले. जपमाळ झाल्याशिवाय आमच्या घरातून कुणी लांबच्या प्रवासाला निघत नसे. आई प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणे, बाबा उत्तरार्ध. मी तोंड मिटून घड्याळ बघत होतो. बाबा मराठीचे शिक्षक. पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने लेखकांशी भांडणारे. बॅग उचलताना म्हणाले, "शास्त्रज्ञ, सूक्ष्मदर्शकात देव दिसला नाही तर सवडीने कळव. दिसला तर आधी मला, मग फादरना."

इकडे परदेशात, बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेत मी कर्करोगाच्या पेशी बघतो. देव दिसला नाही. बडे पाहुणे मात्र वरचेवर दिसले. पांढरा कोट चढवायचा, सूक्ष्मदर्शकात डोकवायचं, फोटो काढायचा. एकदा यंत्राचा दिवाच बंद होता, तरी पाहुणे "वंडरफुल" म्हणाले. बिशप यायचे तेव्हा आमच्या गावातही भिंतींना असाच घाईने रंग लागायचा.

दर रविवारी फोनवर बाबांशी वाद. "कादंबरीतली खोटी माणसं मेली की रडतोस, मग बायबलातल्या उत्पत्तीच्या गोष्टीनेच तुझं काय घोडं मारलंय?"

"बाबा, कादंबरीपुढे कुणी गुडघे टेकायला लावत नाही."

"चांगल्या कादंबरीपुढे टेकावेत," ते म्हणायचे.

पाच वर्षांनी त्यांचा बायॉप्सीचा रिपोर्ट माझ्या फोनवर आला. चार ओळी. असल्या ओळी वाचणं हाच माझा धंदा. बाबांनी विचारलं, "काय म्हणतोय?" मी म्हणालो, "उपचार सुरू करू. आणि... प्रार्थना करा."

मग ते हसले. "तू प्रार्थना करा म्हणतोस? मग फार दिवस नाहीत."

आयुष्यभर त्यांच्याशी पुराव्यांवरून भांडलो, आणि ऐन वेळी खोटं बोलायला त्यांचीच भाषा उसनी घेतली. त्यांनी ती समासात खूण करण्याजोग्या चुकीसारखी लगेच पकडली.

दीड महिन्याने आई फोनवर एवढंच म्हणाली, "ये." मी लगेच निघायला हवं होतं. पण सोमवारी पाहुणे येणार होते. मंगळवारचं तिकीट काढलं. सोमवारी मी कोट घालून कुणाला तरी पेशी दाखवत होतो, तेव्हा बाबा गेले. शवपेटीवर मूठभर माती टाकण्यापुरता पोचलो.

परतल्यावर एका संध्याकाळी फोन लावला, तर आईची जपमाळ चालू होती. तिने फोन शेजारी ठेवला. पूर्वार्ध म्हणून ती थांबली. चाळीस वर्षांची सवय. समोरून उत्तर यायचं. आलं नाही. मग मीच म्हटलं. एक शब्द विसरलो नव्हतो.

तेव्हापासून रोज म्हणतो. इथेच वाढलेली माझी लेक इथल्या इंग्रजीत विचारते, "पप्पा, यू डोंट इव्हन बिलीव्ह, लाह. व्हाय सो लाउड?"

"आजीला कमी ऐकू येतं," मी सांगतो.

तुम्ही मागे राहिलेले असा की माझ्यासारखे निघून आलेले, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको: माझा विश्वास अजूनही बसलेला नाही. पण उत्तरार्धात 'आता व आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर' असं येतं, आणि त्या शब्दांपाशी मी दर वेळी अडखळतो. तिकडे आई थांबते. मी पुरं केल्यावरच पुढचा मणी घेते. माझं घर आता तेवढंच उरलं आहे.