पाच लिटर शिल्लक

ताई घराबाहेर पाणी पीत नसत. सकाळी जर्मनीतल्या आखनच्या इन्स्टिट्यूटमध्ये जाण्यापूर्वी एक कप चहा, आणि संध्याकाळी घरी परतल्यावर तांब्याभर पाणी, तेही उभ्याउभ्या. मधल्या दहा तासांत काही नाही. माझ्या बायकोने एकदा कारण विचारलं. "नागपूरला पीएचडी करत होते ना, त्या इमारतीत बायकांसाठी सोयच नव्हती. होस्टेल वीस मिनिटांवर. मग मी तहानच बंद करून टाकली," असं म्हणून त्या हसल्या. आम्हीही हसलो. इथे प्रत्येक मजल्यावर सोय होती, पण सवय सुटली नव्हती.

त्या धातूंवर संशोधन करायच्या. वय एकोणपन्नास, एकट्या राहायच्या. गावातल्या सगळ्या मराठी मुलांच्या त्या ताई, आणि चाळिशी ओलांडलेल्या माझ्याही. नवीन मुलगा आला की त्याच्याबरोबर सकाळी सातला आउसलेंडरआम्टच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीच्या, रांगेत उभं राहायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. व्हिसाच्या कागदांनी घाबरलेल्या मुलाला त्या सांगत, "फॉर्मला काय भितोस? फॉर्म निदान सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारतो. माणसं तसं करत नाहीत." हे त्या हसत म्हणायच्या, पण त्यामागे काय काय होतं ते त्यांनी कधी उघड केलं नाही.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्या पोहायला शिकल्या, सहा-सात वर्षांच्या पोरांबरोबर. त्या पोरांना मिळतो तो समुद्रघोड्याचा बिल्ला त्यांनाही मिळाला आणि तो त्यांनी खरोखरच पोहण्याच्या कपड्यावर शिवला. मग आमच्या कयाकच्या ग्रुपमध्ये आल्या. दर रविवारी आम्ही जवळच्या आयफेल डोंगरातल्या तलावावर जायचो. दोघांच्या नावेत त्या पुढे, मी मागे. "एक, दोन" असा ताल त्या द्यायच्या.

त्या ग्रुपने एका नोव्हेंबरात, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, आफ्रिकेतल्या नामिबियाच्या सीमेवरच्या ऑरेंज नदीवर जायचं ठरवलं. दोन्ही बाजूंना वाळवंट, मधून नदी. चार दिवस वल्हवायचं, रात्री काठावर झोपायचं. आम्ही अकरा जण होतो, सहा जर्मन, पाच मराठी. मराठी बाई एकट्या ताईच. शिवाय तिथला एक वाटाड्या होता, त्याचं पाणी त्याच्या नावेत वेगळं. आमच्या पिण्याच्या पाण्याचं काम माझ्याकडे आलं. माणशी रोज चार लिटर, अकरा जणांचे चव्वेचाळीस, चार दिवसांचे एकशे शहात्तर. मी पाच लिटरचे छत्तीस कॅन भरून घेतले. "अहो मोजणीदार, नदीतून चाललोय आपण, तरी पाणी मोजताय!" ताई म्हणाल्या. उन्हाची काळजी घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "विदर्भातल्या माणसाला ऊन शिकवता?"

नदीकाठी संडास नव्हता. शेकोटीजवळ एक फावडं रोवलेलं असे. ज्याला जायचं असेल त्याने ते उचलायचं आणि खडकांमागे जायचं. फावडं जागेवर नसेल तर कोणीतरी गेलंय असं समजायचं. जर्मन बायका बोलता बोलता फावडं उचलून चालू लागत. आमच्यातल्या सलीलने पहिल्याच संध्याकाळी एकाला फावडं घेऊन जाताना बघून आरोळी ठोकली, "मिरवणूक निघाली रे!" दुसऱ्याने तोंडाने ताशा वाजवला. मग प्रत्येक वेळी तेच. माझी पाळी आली तेव्हा मीही फावडं खांद्यावर घेऊन सगळ्यांना हात हलवला. ताई पदराने, म्हणजे टीशर्टच्या बाहीने, तोंड पुसत हसत होत्या. त्यांनी स्वतः फावडं उचललेलं मला आठवत नाही. तेव्हा ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी कॅन मोजले. दोन दिवसांचे अठ्ठ्याऐंशी लिटर गेल्यावर ब्याण्णव उरायला हवे होते. सत्त्याण्णव उरले होते. मी पुन्हा मोजले. "पाच लिटर शिल्लक!" मी सगळ्यांना सांगितलं. "शिस्तीत चाललंय आपलं."

"बघा, मोजणीदार खूश," ताई म्हणाल्या. त्यांचे ओठ फुटले होते. सगळ्यांचेच फुटले होते.

माझ्या वहीत एकूण आकडा होता. नावं नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताल चुकू लागला. आधी 'एक'नंतर 'दोन' यायला वेळ लागला, मग 'दोन' आलंच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, डोकं दुखतंय जरा. थोड्या वेळाने नावेच्या कडेवरून ओकल्या. नंतर मागे वळून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दादा, हिंगणघाटची गाडी गेली का?" त्यांना भाऊ होता की नाही तेही मला माहीत नव्हतं.

वाटाड्याने सॅटेलाइट फोन लावला. गाडी यायला रस्ता अकरा किलोमीटर पुढे होता. आम्ही त्यांना सावलीत धरून, डोक्यावर ओलं कापड ठेवून तेवढं अंतर वल्हवलं. मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत रात्र झाली. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. रक्तदाबाची गोळी घेतात का? हो. पाणी किती प्यायल्या? आम्हा दहांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

त्या वाचल्या; पाणी कमी आणि वर ती गोळी, त्यात मूत्रपिंडं वाचली नाहीत. आखनला आणल्यावर डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, चार चार तास. लघवी जवळपास बंद, म्हणून पाण्यावर बंधन आलं. दिवसाला सातशे मिलीलिटर, त्यातच चहा आणि वरणही. त्या स्वयंपाकघरातल्या खुणांच्या भांड्याने मोजून प्यायच्या. एकदा मी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि त्यांचा दिवसाचा वाटा संपला होता. त्या बर्फाचा एक खडा फडक्यात धरून ओठांवर फिरवत होत्या. माझ्यासाठी त्यांनी चहा केला. मी नको म्हटलं. "घ्या हो. कोणीतरी पिताना बघते तरी."

डायलिसिसच्या तिसऱ्या वर्षी, हिवाळ्यात त्या हृदय बंद पडून गेल्या. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचा भेटलो. सलील आणि बाकीची मुलं येतात का, असं मी विचारलं. "येतात. मान खाली घालून बसतात. मीच त्यांना हसवते."

तेव्हा मी इतके दिवस गिळलेलं बोललो. "ताई, दुसऱ्या दिवशी पाच लिटर जास्त निघालं होतं. कोण पीत नाहीये, हे मी विचारायला हवं होतं."

त्या हसतील आणि मला सोडतील असं मला वाटलं होतं.

"विचारलं असतंत तरी मी 'प्याले' असंच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांपुढून ते फावडं घेऊन जाणं मला जमलंच नसतं." मग थांबून म्हणाल्या, "पण विचारायला हवं होतं."