कमळाबाईची मिश्री

सापगावात कमळाबाईसमोर दारूचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. बचत गटाच्या बायका घेऊन तिनं गावठी विकणाऱ्याला गावाबाहेर हुसकलं होतं, आणि ही हकिकत ती भेटेल त्याला ऐकवायची. आवरत नव्हता तो फक्त घरातला, तिचा नवरा जयराम. थोरल्या रितेशच्या हळदीला तो मांडवामागच्या पेंढ्यात आडवा सापडला होता. आता येत्या वैशाखात धाकट्या मितालीचं लग्न ठरलेलं. पोरीनं दागिना मागितला नाही की साडी. एवढंच म्हणाली, "आई, माझ्या हळदीला बाबा उभे पायजेत."

झालं! दिवाळी सरताच कमळाबाईनं नवऱ्याला दंडाला धरून शहापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना शेजारी बसवून विचारलं, "घरात व्यसन कुणाकुणाला आहे?"

"यांनाच. बाकी कुणाला सुपारीचं खांडसुद्धा लागत नाय."

जयराम खाल मानेनं पुटपुटला, "तिच्या कमरेची डबी बघा."

कमळाबाई भडकली. मिश्री म्हणजे काय व्यसन? तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना लावायची. तिची आई लावायची, सासू लावायची. त्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, हे तर सगळ्या गावाला ठाऊक.

"तंबाखूच ना ती, मावशी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकांची दारू घरच्या घरी एकदम तोडायची नाही, त्रास होतो. त्यांना आठवडाभर इथं ठेवू, औषधं देऊ. तुम्ही मिश्री कधी सोडताय?"

"आजपासून!" कमळाबाई म्हणाली. मनावर घेतलं की सुटतं, हे ती नवऱ्याला पंचवीस वर्षं सांगत आली होती.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. भात करपला, मितालीवर उगाच खेकसून झालं, आणि पोटाचं तर विचारूच नका. चौथ्या दिवशी बाईसाहेब गोठ्यामागे तीन दगड मांडून जुना तवा तापवत बसल्या होत्या.

आठवड्यानं जयराम दवाखान्यातून घरी आला तेव्हा ती गोठ्यामागून तोंड धुऊनच येत होती.

"सुटली का गो?"

"कवाच!"

बोलली आणि स्वतःच दचकली. हेच 'कवाच', हेच धुतलेलं तोंड घेऊन तो इतकी वर्षं दारात उभा राहायचा, आणि ती त्याला खोटारडा म्हणायची. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण कमळाबाईला लाज वाटली, अगदी आतून वाटली. ती त्याच्यापुढे जाऊन बसली.

"अवो, खोटं बोलले मी. सुटत नाय."

जयराम हसला नाही. "माजी पण ओढ जात नाय गो. आज घेतली नाय, एवढंच."

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला दोघं एकमेकांना खरं काय ते सांगू लागली. कमळाबाईनं डॉक्टरीणबाईंपुढेही कान धरले. मिश्री सुटायला तिला तीन महिने लागले, आणि त्यात ती चारदा घसरली. संक्रांतीला जयराम पिऊन आला. पूर्वी तिनं दाराला कडी घातली असती. या खेपेला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेली आणि येताना विचारलं, "लई ओढ कवा लागते?"

"काम सुटल्यावर."

मग काम सुटायच्या वेळेला ही बाई थर्मासात चहा घेऊन त्याच्या वाटेवर उभी. गावानं चेष्टा केली. करू दे.

वैशाखात हळद लागली. मांडवात जयरामचा चुलतभाऊ राघो ग्लास घेऊन पुढे आला. "पोरीची हळद हाय, घे की! बायकोला भ्यायलास काय रे?"

जयरामनं ग्लास बाजूला सारला. "भ्यायलो नाय. तीस वर्षांची मिश्री सोडलीय तिनं. चारदा पडली, चारदा उठली. खोटं बोलली तेपण माज्या तोंडावर कबूल केलं. घरात एवढी खंबीर बाई असल्यावर मी ह्यो ग्लास कुठल्या तोंडानं धरू?"

सगळा मांडव कमळाबाईकडे बघायला लागला. एरवी दहादा स्वतःची फुशारकी सांगणारी बाई सरळ मितालीपुढे गेली. तिनं हळदीच्या वाटीत बोट बुडवलं. तीस वर्षं काळं असलेलं ते बोट हळदीनं पिवळं झालं, आणि ते तिनं मितालीच्या गालाला लावलं. मिताली मात्र आईच्या खांद्यावरून मागे बघत होती. तिथं तिचे बाबा उभे होते.