व्यसन सुटल्यावर सुरू झालेलं दुखणं

"नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दुर्बिणीतलं चित्र स्क्रीनवर दाखवलं. कडेनं काळ्या खपल्या, मधे आरपार अंधार. माझ्या मुलाचं नाक होतं ते. योगेश खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

याला सेप्टल परफोरेशन म्हणतात. दोन नाकपुड्यांमधली भिंत झिजून फुटते.

योगेश नागपूरला कॅटरिंगच्या कामात होता. तिथे मित्रांसोबत नाकानं नशेची पावडर ओढायची सवय लागली. कळल्यावर त्याचे बाबा त्याला मुर्रीला, आमच्या गावी, घेऊन आले. उपचार झाले, पावडर सुटली. धानाच्या रोवणीला तो बाबांसोबत बांधीतल्या चिखलात उतरला, तेव्हा वाटलं, पोरगं परत मिळालं.

मग नाकातून रक्ताच्या खपल्या पडू लागल्या. श्वास घेताना बारीक शिटी वाजायची. घशात सतत काटा रुतल्यासारखं व्हायचं, आवाज घोगरा झाला. आम्ही आधी एका डॉक्टरांकडे गेलो. जाताना त्याचे बाबा म्हणाले, "पावडरचं नाव काढू नोका. पोराचं लगन व्हायचं हाये."

जुनी सर्दी म्हणून सांगितलं. औषधही सर्दीचंच मिळालं. रक्त थांबलं नाही.

शेवटी गोंदियाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आलो. दुर्बीण घालण्याआधीच त्यांनी विचारलं, "बेटा, नाक से क्या लेते थे?"

बाबा भिंतीकडे बघू लागले. योगेशच बोलला, "पावडर, साहेब. आता सोडलं." मग तपासणी झाली, भोक दिसलं. योगेशनं विचारलं, "सोडलं ना मी, मंग आता काऊन होऊन राहिलं?"

"सोडल्यामुळे नाही झालं," डॉक्टर म्हणाले. "भिंत आधीच झिजली होती, नशेत तुला कळलं नाही. सोडलंस, म्हणून इतक्यावर थांबलं."

घशाचं दुखणं पोस्ट नेझल ड्रिपचं निघालं. म्हणजे नाकातला स्राव मागच्या बाजूनं घशात उतरतो. त्यात नाक बंद, म्हणून रात्रभर तोंडानं श्वास. घसा कोरडा पडायचा. दुसरा काही आजार नाही ना, हे बघायला नाकातला छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत त्याचे बाबा जेवायला बसायचे आणि तसेच उठायचे. रिपोर्ट चांगला आला.

आता तो रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुतो, मलम लावतो. भोकात सिलिकॉनचं बटण बसवलं आहे. शिटी थांबली, रक्तही थांबलं. आवाज थोडा उघडला. वास घ्यायची शक्ती मात्र गेली. डॉक्टरांनी सांगितलं, परत येईलच असं नाही.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. लाजेपायी आमचे कितीतरी महिने वाया गेले. आणि सोडलेल्या पोराला पुन्हा दुखणं आलं, तर त्याच्यावर संशय घेऊ नका. मी घेतला होता. त्याच्या उशीखाली हात घालून पाहिलं होतं.

परवा नवा चिन्नोर तांदूळ शिजवला. शेजारीण दारातूनच म्हणाली, "केवढा वास सुटून राहिला, बाई!" योगेश आतून आला. पातेल्यावर वाकला, वाफ तोंडावर घेत बराच वेळ उभा राहिला.

"येते का रे?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

मग पाट ओढून बसला आणि म्हणाला, "वाढ, आई. भूक लागली."