डोसाची पट्टी आणि कुडावरच्या तीन रेघा

पाच वर्षांच्या पोरीवर विषप्रयोग केल्याच्या संशयावरून मी तिच्या आईला धरलं, आणि ते विष तिच्या घरी मीच पोचवलं होतं. नोकरीत मी घोटाळे पुष्कळ केले. पण हा आठवला की मिशीवर गेलेला हात आजही आपोआप खाली येतो.

तेव्हा मी जव्हार संस्थानात मोखाड्याच्या ठाण्यावर फौजदार होतो. सूर्यमाळेकडच्या एका पाड्यावरची ही पोर हिवतापाने फणफणली होती. आईने तिला पाठीवर घेऊन मोखाड्याच्या बाजारात आणलं. फिरतीवर आलेल्या डॉक्टरांनी पोरीला वाण्याच्या तराजूत बसवून वजन केलं आणि जव्हारला परतल्यावर त्या हिशेबाने औषध बनवलं. मी कामानिमित्त तेव्हा जव्हारलाच होतो, पुढे सूर्यमाळेला तपासणीला जायचं होतं, म्हणून बाटली माझ्या हवाली झाली.

त्या काळी पातळ औषधाच्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. वाटेत ओढा ओलांडताना घोडं मध्येच बसलं, मी भिजलो आणि पट्टी वाहून गेली. आता परत कोण जाणार? मला हिवताप आला होता तेव्हा एवढ्याच बाटलीवर सहा खाचा होत्या, हे मला पक्कं आठवत होतं. डायरीचा कोरा कागद फाडून सहा खाचा पाडल्या, पाड्यावर पोचल्यावर भाताच्या पेजेने पट्टी डकवली आणि आईला बजावलं, "दिवसातून तीनदा, एकेक खाच. बाटली संपेपर्यंत थांबायचं नाही." शेवटचं वाक्य तर माझ्याच पदरचं.

तिसऱ्या दिवशी पाटलाची वर्दी आली. पोर ओकते आहे, गुंगीत आहे, हाक मारली तर ऐकत नाही. आईने दवाखान्याचं औषध बंद केलं असून भगताचं मूळ पाजल्याचा संशय आहे.

हवालदाराला घेऊन मी गेलो. झडतीत औषधाची बाटली नागलीच्या कणगीत पुरलेली सापडली. मला मोठा आनंद झाला.

"बाटली का लपवलीस?"

"पोर कन्हली का सासू पाजील, नायतर धनी पाजील. पाजनार मी एकलीच." डोंगरातली माणसं फौजदारालाही अरेतुरे करतात. ती पुढे म्हणाली, "तू आसतास तं तूबी पाजली आसतीस."

"मग मध्येच थांबवलंस का?"

"तिच्या कानात रातकिडं वाजाया लागलं. मना बरां नाय दिसलां."

"औषधाने कधी कान वाजतात? मूळ कोणी दिलं ते बोल!"

"मूळ नाय. पेज दिली. तूच सांग, तुज्या बाटलीत काय हाय?"

हवालदार खोकला. तो खरा खोकला आहे असं मी समजलो.

पंचनामा करून आई, पोर आणि बाटली बैलगाडीत घातली. जव्हारपर्यंत ती पोरीच्या ओठांना पेजेचं पाणी लावत होती. मधूनमधून ती तिला नावाने हाक मारी, पण पोर वळून बघत नव्हती. आपली पोर कायमची बहिरी झाली की काय, या भीतीपुढे तिला माझी काहीच किंमत नव्हती.

डॉक्टरांनी आधी पोरीला तपासलं. मी खणखणीत आवाजात पंचनामा वाचायला घेतला, "कुडावर कोळशाच्या तीन रेघा. जादूटोण्याची खूण असावी."

"बाई, औषध किती वेळा पाजलंत?" डॉक्टरांनी मला मध्येच तोडलं.

"कुडावर हायत तितक्याच येळा. पाजली का रेघ मारली."

"तीनदा पाजलं आणि अर्धी बाटली संपली?" त्यांनी बाटली फिरवून पाहिली. "मी बारा खाचा पाडल्या होत्या. या सहा कुणाच्या?" त्यांनी नखाने पट्टी सोलून उजेडात धरली. निळ्या रेघा होत्या, आणि कडेला ठाण्याच्या शिक्क्याचा अर्धा गोल. "फौजदारसाहेब, हा कागद ओळखता?"

हा प्रश्न मी आयुष्यात कितीतरी आरोपींना विचारला आहे. त्याचं उत्तर देणं इतकं अवघड असतं, हे तेव्हा कळलं.

"क्विनीन आहे हे," डॉक्टर म्हणाले. "तराजूत पोरगी बसली होती, तुम्ही नाही. दुप्पट गेलं. हिने चौथ्यांदा पाजलं असतं, तर मला काही सांगता आलं नसतं."

लेकराच्या तापाचं औषध अंदाजाने देऊ नये, मोठ्या माणसाच्या मापाने तर नाहीच, हे मी त्या दिवशी शिकलो. पण त्याहून जास्त शिकलो ते त्या बाईकडून. तिला अक्षर येत नव्हतं. तरी पाजणारा हात एकच ठेवला, प्रत्येक डोसाची नोंद केली, बाटली इतरांच्या हाताबाहेर ठेवली, विपरीत दिसताच थांबली, आणि उरलेलं औषध ओतून न देता जपलं, म्हणून डॉक्टरांना चूक सापडली. गुन्ह्याचा इतका स्वच्छ तपास माझ्या ठाण्यात कधी झाला नव्हता, आणि मी तिलाच आरोपी केलं होतं!

पोर दवाखान्यात राहिली. दोन दिवसांनी अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला आणि तिने मान वळवली. आईने तोंडाला पदर लावला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो; फौजदाराने कुठेतरी बघायला हवं ना.

निघताना डॉक्टरांनी नवी बाटली भरली, नव्या खाचा पाडल्या. मी माफी मागितली, आणि पापक्षालन म्हणून बाटली पाड्यापर्यंत पोचवायला हात पुढे केला.

तिने बाटली झटकन ओढून ओटीत घातली.

"नको, दाक्तर, याच्या हाती नको," ती म्हणाली. "याला चोर धरूदे. चोराचां तरी वजन कराया लागत नाय."