फ्रीमाँटचा डोंगर लॉस एंजेलिसच्या भिंतीवर

लेकीचं चित्र लॉस एंजेलिसच्या गॅलरीत लागणार, आणि फ्रेम ही एवढी मोठी! विमानाचा विषयच संपला. फ्रीमाँटहून पहाटे निघालात तर जेवायच्या वेळेला पोचता. आय-फाइव्ह हायवे सरळसोट आणि कंटाळवाणा आहे, खायचं सोबत घ्याच. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी अर्ध्या वाटेवरच्या कोआलिंगाच्या आधीच फस्त झाली.

आमची इरा इथेच, अमेरिकेत जन्मली, पॅकेजिंग डिझाइन करते आणि एका चिनी बाईंकडे शाईची निसर्गचित्रं शिकते. या चित्रात आमच्या घरामागचा डोंगर आहे, जुन्या चिनी पद्धतीने पाणीदार काळ्या शाईत काढलेला. पायथ्याशी फ्रीवे म्हणून एकच सपाट केशरी पट्टा, खोक्यावर छापतात तसा. मधला अर्धा कागद कोरा.

"हे राहिलंय का गं?" माझ्या नवऱ्याने, सुहासने, गाडीत परत विचारलं.

"बाबा, दॅट्स द फॉग! तिथे काही काढायचं नसतं." मग ती हळूच म्हणाली, "धिस टाइम कुणी घेतलं नाही ना, तर मी क्विट करणार."

मी पर्समधली कुंकवाची डबी चाचपली. गॅलरीत प्रवेश मोफत, पार्किंग मात्र महाग. इराचं लक्ष नाही हे बघून मी चित्राशेजारच्या नावाच्या पाटीला कुंकवाचं बोट लावलं. नव्या गाडीलाही लावतोच की आपण!

लोक येत, बघत, पुढे जात. एक चिनी आजोबा फार वेळ उभे राहिले, पाटी वाचली आणि मान हलवून निघून गेले. इराचा चेहरा उतरला.

तेवढ्यात तिच्या बाई आनंदाने आल्या. "इतक्या लवकर विकलं? कोणी घेतलं?"

इथे विकलेल्या चित्राच्या पाटीवर लाल टिकली चिकटवतात म्हणे!

"आई! यू डिडन्ट!"

मी साडी सावरत धावले. आजोबा पार्किंगच्या मशीनपाशी सापडले. "नॉट सोल्ड! दॅट इज माय कुंकू!"

सगळं कळल्यावर ते पोट धरून हसले आणि परत आले. इराला इंग्रजीत म्हणाले, "असलं धुकं मी लहानपणापासून शाईत बघतोय. त्याच्याखाली फ्रीवे आज पहिल्यांदा पाहिला." आणि चित्र घेतलं. गॅलरीतली मुलगी कुंकू पुसायला आली तर तिला थांबवलं. मग तिने आपली टिकली शेजारी लावली.

चिनी माणसाने चिनी शाईतला डोंगर आमच्या इराकडून घेतला हो! अभिमानाने माझा ऊर भरून आला. परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर पुढच्या चित्राचं स्केच करत होती.

घरी हॉलमध्ये हे चित्र असायचं त्या भिंतीवर आता नुसता खिळा आहे. "इथे घड्याळ लावू या का?" मी विचारलं.

"नको," सुहास म्हणाला. "तिथे काही लावायचं नसतं."